लाकडी पेटीतला संगणक : घडण, पॉलिश आणि शिल्लक राहिलेले प्रश्न

टेबलाखालच्या ज्या डब्याला आपण सरसकट सीपीयू म्हणतो, तो बहुतेक घरांत पत्र्याचा असतो. तो लाकडाचा का असू नये, असा प्रश्न दोन प्रकारचे हौशी लोक विचारतात. एक म्हणजे घरी रंधा-पटाशी चालवणारे आणि दुसरे म्हणजे सुटे भाग आणून संगणक जुळवणारे. पहिल्यांना लाकूड कळते पण मदरबोर्डाची भीती वाटते. दुसऱ्यांचे याच्या उलट. त्यामुळे या विषयावरची चर्चा बऱ्याचदा अर्धीच होते.

पेटीला चार कामे करावी लागतात : सुटे भाग जागच्या जागी धरणे, उष्णता बाहेर जाऊ देणे, माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवणे आणि आतला रेडिओ-गोंगाट आतच ठेवणे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत यांतल्या बहुतेक कामांची कसोटी लागते. पश्चिमेला नाणेघाट-आहुपे पट्ट्यात घाटमाथ्याचा पाऊस, पूर्वेला आणे पठार आणि लोणी-धामणीकडचा कोरडा भाग, जुन्या बाजारपेठांच्या गावांत उतरवलेल्या वाड्यांचे सागवान, आणि या सगळ्याच्या मधोमध खोडदची रेडिओ दुर्बीण. या प्रदेशाच्या नजरेतून हा प्रश्न आज कुठे उभा आहे, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : लाकडाकडून पत्र्याकडे

घरातले विजेचे उपकरण लाकडी पेटीत असणे आपल्याला नवे नाही. मर्फी, फिलिप्स, बुश यांचे व्हॉल्व्हचे रेडिओ लाकडी कॅबिनेटमध्ये येत. कृष्णधवल टीव्हीला सरकते लाकडी शटर असे आणि कार्यक्रम संपला की ते ओढून कुलूपही लावले जाई. घरगुती संगणकाची सुरुवातही याच वळणाने झाली. १९७६ साली आलेला ॲपल-१ हा नुसता जुळवलेला बोर्ड होता. पेटी ज्याची त्याने करायची. काहींनी ती लाकडाची केली. कोआ लाकडाच्या पेटीतला असा एक ॲपल-१ २०२१ साली कॅलिफोर्नियात चार लाख डॉलरला लिलावात गेला. त्याच १९७६ सालच्या प्रोसेसर टेक्नॉलॉजी कंपनीच्या सोल-२० या संगणकाला दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या फळ्या होत्या.

पुढे लाकूड मागे पडले. स्वस्त आणि झटपट उत्पादन हे त्याचे एक कारण, दुसरे रेडिओ-व्यत्ययाचे. संगणक शेजारच्या रेडिओ-टीव्हीत खरखर घालतात अशा तक्रारी वाढल्यावर अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९७९ मध्ये संगणकीय उपकरणांसाठी नियम केले. टीआरएस-८० या लोकप्रिय संगणकाचे पहिले मॉडेल त्या मर्यादांत बसेना, म्हणून १९८१ च्या आरंभी ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावे लागले. त्यानंतर धातूची पेटी, किंवा आतून वाहक थर दिलेली प्लास्टिकची पेटी, ही रीतच झाली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मापांचे मानक आणले : बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, विस्तार-कार्डांच्या दोन खाचांत २०.३२ मिलिमीटर अंतर, वीजपुरवठ्याचा डबा १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच. मापे ठरलेली असल्यामुळे पुढे कोणालाही घरी पेटी करणे शक्य झाले.

अलीकडे लाकूड परतले आहे, पण वेगळ्या भूमिकेत. २०२२ मध्ये स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइन कंपनीने आणलेल्या नॉर्थ या पेटीच्या दर्शनी भागात अक्रोड किंवा ओकच्या पट्ट्या आहेत. बाकी सांगाडा पोलादाचाच आहे. घरी करणाऱ्यांपुढचा पहिला वाद येथूनच सुरू होतो. लाकूड फक्त चेहऱ्याला वापरायचे, की सगळी पेटीच लाकडाची करायची?

खोडदचा शेजार आणि रेडिओ-गोंगाट

लाकूड रेडिओ तरंगांना जवळजवळ पारदर्शक असते. प्रोसेसरचे ठोके, मेमरीची देवाणघेवाण, वीजपुरवठ्यातले जलद स्विचिंग या सगळ्यांतून तरंग निघतात आणि लाकडी भिंत ते अडवत नाही. पुण्या-मुंबईत हा तपशील सहज दुर्लक्षिला जातो. जुन्नर तालुक्यात मात्र त्याला वेगळे वजन आहे.

नारायणगावजवळ खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची, म्हणजे एनसीआरएची, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना आहेत. त्यांतल्या १४ मध्यवर्ती चौरस किलोमीटरभर भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन शाखांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. सुमारे १२० ते १,४५० मेगाहर्ट्झच्या दरम्यानच्या चार पट्ट्यांत ती अवकाशातले तरंग टिपते. नेमक्या याच पट्ट्यांत संगणकाचा गोंगाटही पडतो. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणी या दुर्बिणीमुळे बदलण्याचा निर्णय झाला, यावरून स्थानिक पातळीवर व्यत्ययाकडे किती गांभीर्याने पाहिले जाते ते कळते.

एका संगणकाने काय फरक पडतो? घरगुती उपकरणांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेनुसार ३० ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १० मीटरवर ३० डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर इतका गोंगाट चालतो. खगोलशास्त्रज्ञ तरंगांची तीव्रता जान्स्की या एककात मोजतात. नुसत्या अंतराचा हिशेब धरला, तर मर्यादेच्या काठावरचा असा संगणक एक किलोमीटरवरून सुमारे दोन लाख जान्स्की इतका 'तेजस्वी' दिसेल. आकाशातला कॅसिओपिया-ए हा अतिशय प्रखर रेडिओ स्रोत मीटरभर लांबीच्या तरंगांवर काही हजार जान्स्कीचा आहे. प्रत्यक्षात टेकड्या, घरांच्या भिंती आणि ॲन्टेनाचे तोंड दुसरीकडे असणे यांमुळे परिणाम पुष्कळ कमी होतो. तरी नियमात बसणारे उपकरणही दुर्बिणीच्या लेखी शांत नसते, एवढे यातून दिसते.

या मुद्द्यावर तीन भूमिका आढळतात. पहिली सांगते की आजचे बोर्ड मुळातच कमी गोंगाटाचे असतात आणि बाजारातल्या नव्या पेट्यांना एक अख्खी बाजू काचेची असते. मग लाकडालाच वेगळा न्याय का? गावातले स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या तुलनेत एक संगणक किरकोळ आहे, असेही या बाजूचे म्हणणे. दुसरी भूमिका हौशी रेडिओवाल्यांची. त्यांच्या मते पेटीतून बाहेर जाणाऱ्या केबलीच ॲन्टेनासारख्या वागतात आणि सगळीकडून बंद धातूचा डबा नसेल तर त्यांच्यावरचा गोंगाट आवरता येत नाही. तिसरी, मधली भूमिका अशी की बाहेरून लाकूड ठेवावे, पण आतून वाहक अस्तर द्यावे.

अस्तराचे पर्याय सोपे आहेत : अर्धा ते एक मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा, तांब्याची चिकटपट्टी, ग्राफाइट किंवा निकेलचा वाहक रंग, हवेच्या भोकांवर धातूची बारीक जाळी. अडचण जोडांवर येते. दोन पत्र्यांमधली फट किती रुंद आहे यापेक्षा ती किती लांब आहे याला महत्त्व असते. ढोबळ नियम असा की फटीची लांबी तरंगलांबीच्या विसाव्या भागापेक्षा कमी असावी. १,४५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे २१ सेंटिमीटर भरते. म्हणजे दर सेंटिमीटरवर पत्र्याला पत्रा टेकला पाहिजे. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल गोंदाने चिकटवली तर मधला गोंद आणि धातूवरचा ऑक्साइडचा थर हा संपर्क तोडतात. साध्या तांब्याच्या पट्टीचेही तसेच. तिचा गोंद वाहक आहे का, हे पाहूनच ती घ्यावी लागते.

अर्थिंगचा मुद्दा यालाच लागून आहे. संगणकाचा वीजपुरवठा स्वतःच्या धातूच्या डब्यात असतो आणि तो तिसऱ्या पिनेतून जमिनीला जोडलेला असतो. म्हणून लाकडी पेटीतही संगणक चालतो. पण अस्तराचा पत्रा मोकळा सोडला आणि एखादी सोललेली वायर त्याला लागली, तर तोच धोका होतो. पत्रा बोल्ट-वॉशरने वीजपुरवठ्याच्या डब्याला पक्का जोडावा आणि त्या जागेचा रंग किंवा पॉलिश खरवडून काढावे, यावर मतभेद नाहीत.

उष्णता : भिंतीपेक्षा भोके महत्त्वाची

लाकडी पेटीवरचा नेहमीचा आक्षेप असा की लाकूड उष्णता कोंडते. आकडे प्रथमदर्शनी याला दुजोरा देतात. लाकडाची उष्णतावाहकता प्रति मीटर प्रति अंश ०.१२ ते ०.२ वॉट, तर पोलादाची सुमारे ५०, म्हणजे किमान अडीचशे पट.

पण पेटीचा पूर्ण हिशेब वेगळे सांगतो. ४५ बाय ४० बाय २० सेंटिमीटरची पेटी आणि १२ मिलिमीटर जाड फळी घेऊ. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंश गरम असेल, तर लाकडी भिंतींमधून साधारण २० वॉट बाहेर जातात आणि पत्र्याच्या भिंतींमधून साधारण ३० वॉट. फरक इतका थोडा असण्याचे कारण, भिंतीला दोन्ही बाजूंनी चिकटून असलेले हवेचे थर. खरा अडसर ते करतात आणि दोन्ही पेट्यांत ते सारखेच असतात. ३०० वॉट खाणाऱ्या संगणकाची बाकीची उष्णता वाऱ्यानेच बाहेर काढावी लागते. त्यासाठी सेकंदाला सुमारे २७ लिटर हवा लागते. पंख्यांच्या भाषेत मिनिटाला ५७ घनफूट. १२० मिलिमीटरचा एक पंखा मोकळ्या हवेत एवढी हवा देतो, पण जाळी, धूळगाळणी आणि आतल्या भागांच्या आडकाठीमुळे प्रत्यक्षात बरीच कमी. म्हणून पुढे दोन आणि मागे एक पंखा ही सर्वसाधारण शिफारस.

लाकडाची खरी अडचण भोकांच्या जाडीत आहे. पातळ पत्र्यात पाडलेली जाळी हवेला फारशी अडवत नाही. १२ मिलिमीटर जाड फळीतले तेवढेच भोक बोगद्यासारखे होते. त्यामुळे अनुभवी लोक भोकांऐवजी पट्ट्या लावतात आणि पट्ट्यांच्या कडा आतून तिरप्या रंधतात. मंचर-नारायणगावला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा आतली हवा पन्नाशीला टेकते. एवढ्या तापमानाला लाकडाला धोका नसतो. पंखा नसलेल्या आणि पेटीलाच उष्णता पसरवायला लावणाऱ्या रचनेत मात्र लाकूड बाद ठरते. तेथे जाड ॲल्युमिनियमच हवे.

आगीच्या भीतीबद्दल एक तपशील नोंदवण्याजोगा आहे. माहिती-तंत्रज्ञान उपकरणांच्या आयईसी ६०९५०-१ या सुरक्षा मानकात किमान ६ मिलिमीटर जाडीचे लाकूड पेटीसाठी ज्वलनरोधाच्या व्ही-१ श्रेणीच्या तोडीचे धरलेले होते. आक्षेप घेणारे यावर म्हणतात की हा नियम लाकडाबद्दल आहे, त्यावर चढवलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरबद्दल नाही. हा मुद्दा रास्त आहे.

कोणते लाकूड

येथे तीन पक्ष आहेत : नवे सागवान, जुन्या वाड्याचे लाकूड आणि प्लाय.

सागवानाच्या बाजूने टिकाऊपणा आणि वाळवीला तोंड देण्याची ताकद आहे. मात्र नार, म्हणजे खोडाचा आतला पक्का भाग, आणि बाहेरचा पांढरट भाग यांत फरक करावा लागतो. पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते. बांधावरचा साग घरचा असला तरी तो तोडण्यावर १९६४ च्या राज्य वृक्षतोड नियमन कायद्याचे बंधन आहे, म्हणून वखारीतून पावतीसह घेणे सरळ पडते.

जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर यांसारख्या गावांत वाडे उतरवले की तुळया, खांब आणि कडीपाटाच्या फळ्या विकायला येतात. पिढ्यान्पिढ्या वाळलेले हे लाकूड हलत नाही, असे सुतार सांगतात. विरोधी बाजूचे म्हणणे असे की त्यात लपलेले खिळे रंध्याचे पाते मोडतात, जुनी कीड घरात येते, आणि कोरीव कामाचा तुकडा संगणकाच्या पेटीसाठी कापणे हा वारशाचा नाश आहे. वारशाबद्दल आस्था असणारे बरेच जण साध्या फळ्यांना हरकत घेत नाहीत. कोरीव खांब आणि महिरपी मात्र त्यांना जशाच्या तशा हव्या असतात.

प्लायवाले मापांच्या स्थैर्यावर बोट ठेवतात. साध्या वापरासाठी आयएस ३०३ आणि मरीन दर्जासाठी आयएस ७१० ही मानके आहेत. प्लाय पावसाळ्यात जवळजवळ फुगत नाही, पण त्याच्या कडा उघड्या राहतात. त्यांवर सागाच्या पट्टीचे लिपिंग मारावे लागते. एमडीएफ कापायला सर्वांत सोपे आणि ओलाव्याला सर्वांत हळवे. घाटाच्या बाजूला ते टाळावे, याबद्दल एकमत दिसते.

पावसाळा आणि सांधे

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना त्यातले पाणी ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते; ८५ टक्के असताना १७-१८ टक्क्यांवर. रेषांना आडवा कापलेला साग दर एक टक्का पाण्यामागे रुंदीत सुमारे ०.२ टक्के बदलतो. म्हणजे ३०० मिलिमीटर रुंदीची फळी उन्हाळा ते पावसाळा या प्रवासात सहा-सात मिलिमीटर फुगू शकते. पॉलिशने हा वेग मंदावतो, थांबत नाही.

संगणकाच्या पेटीत आणखी एक गोष्ट घडते आणि फर्निचरच्या अनुभवातून ती सहज लक्षात येत नाही. पावसाळ्यात २५ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा आत जाऊन ३५ अंशांना तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता ४८ टक्क्यांपर्यंत उतरते. एकाच फळीच्या बाहेरच्या अंगाला आषाढ असतो आणि आतल्या अंगाला कार्तिक. आतली बाजू आक्रसते, बाहेरची फुगते आणि फळीला बाक येतो. रात्री संगणक बंद झाला की उलट प्रवास सुरू होतो.

यावर दोन उपाय सुचवले जातात. एक जुन्या दिल्हेदार दारांचा : चौकटीत खाच पाडायची आणि मधली फळी गोंद न लावता त्या खाचेत सोडायची, म्हणजे ती मोकळेपणी हलते आणि चौकटीचे माप बदलत नाही. दुसरा उपाय भागांची वाटणी करण्याचा : मदरबोर्ड, कार्डांच्या खाचा आणि वीजपुरवठा एखाद्या जुन्या पत्र्याच्या कॅबिनेटमधून कापून घेतलेल्या सांगाड्यावर बसवायचे आणि लाकूड त्याभोवती कवच म्हणून ठेवायचे. मागची फळी दोन मिलिमीटर सरकली तरी ग्राफिक्स कार्ड खाचेत बसत नाही, हे पाहता या दुसऱ्या उपायाकडे कल वाढताना दिसतो. यात अस्तराचा आणि अर्थिंगचा प्रश्नही बराचसा सुटतो. पूर्ण लाकडी पेटीचे समर्थक याला तडजोड मानतात; त्यांच्या मते पितळी इन्सर्ट नट आणि प्लायचा मधला तक्ता वापरला तर पत्र्याची गरज नाही.

कोपऱ्यांच्या जोडांबद्दलचा वाद जुनाच आहे. डव्हटेल आणि बोटांसारखे गुंतणारे सांधे फेविकॉलने पक्के होतात आणि दिसायलाही चांगले. पण पुढे दुरुस्तीसाठी पेटी उघडता येत नाही. म्हणून चार बाजू पक्क्या आणि एक बाजू स्क्रूची किंवा चुंबकाची, असा मध्यम मार्ग बहुतेकांनी पत्करला आहे. साग तेलकट असल्यामुळे गोंद लावण्याआधी सांधा थिनरने पुसावा, हे मात्र कोणी विसरू नये.

पॉलिश

घासण्याचा क्रम सर्वमान्य आहे : काचकागद ८०, १२०, १८०, मग २२०, नेहमी रेषांच्या दिशेने, शेवटी ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले तंतू पुन्हा हलकेच घासायचे. मतभेद त्यानंतर सुरू होतात.

जवसाचे तेल नवशिक्यांना आवडते, कारण ते चुकत नाही आणि ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा लावता येते. उणीव अशी की ओलावा ते फारसे अडवत नाही. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर ती स्वतःहून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात टाकावीत.

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले फ्रेंच पॉलिश ही जुन्या सुतारांची आवड. त्याची झळाळी वेगळीच असते. पण दमट दिवशी मारले तर ते पांढरट पडते आणि सत्तरीच्या आसपास तापमान गेले की मऊ होऊ लागते. संगणकाची गरम हवा सहसा एवढी तापत नाही, म्हणून दुसरा आक्षेप येथे फारसा लागू होत नाही. पहिला पश्चिम पट्ट्यात पूर्ण लागू होतो.

मेलामाइन आणि पीयू हे बाजारातले पर्याय कडक, ओलावारोधक आणि झटपट आहेत. विरोध त्यांच्या वाफेला आहे. मेलामाइनमधून फॉर्मल्डिहाइड सुटते, दोन भागांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ओसरीत किंवा बंद खोलीत योग्य मास्कशिवाय फवारणी करू नये. पाण्यात मिसळणारा पीयू हा तुलनेने सौम्य पर्याय आता मिळतो.

स्थानिक सामग्रीतून सुचणारा एक पर्याय काळ्या रंगाचा आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातली आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करतात. हिरड्यात टॅनिनचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास असते. हिरड्याचा काढा फळीवर लावून वरून हिराकसाचे पाणी फिरवले की लोह आणि टॅनिन मिळून निळसर काळा रंग लाकडातच तयार होतो. जुन्या शाईचे रसायनही हेच. रंग थराचा नसल्यामुळे खरवडला जात नाही. मात्र ही प्रक्रिया आम्लधर्मी आहे. फळी पूर्ण वाळवून, वरून सीलर देऊन मगच सुटे भाग आत बसवणे शहाणपणाचे.

दोन गोष्टींवर सर्वांचे एकमत आहे. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला पॉलिशचे सारखेच हात द्यावेत, नाहीतर बाक वाढतो. आणि पॉलिशचे काम दिवाळीनंतर काढावे. पावसाळ्यात मापे घ्यावीत, सांधे जुळवून पाहावेत, पण अखेरचे हात थांबवावेत.

काम कोठे करावे

पडवीत किंवा ओसरीत काम करणाऱ्याला करवत, रंधा, पटाशी, गुण्या, ड्रिल आणि चार क्लॅम्प पुरतात. भुसा ही येथली खरी अडचण. लाकडाचा भुसा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक ठरवला आणि सागाच्या भुशाने काहींच्या त्वचेला त्रास होतो. एन-९५ मास्क आणि मोकळी हवा, एवढे तरी हवेच.

दुसरा मार्ग गावच्या सुताराचा. नांगर, पाभर, बैलगाडी यांवर हात बसलेल्या सुतारांना सांध्याची समज पक्की असते. त्यांना मिलिमीटरचे चित्र हातात द्यावे लागते, कारण बोर्डाची भोके नजरेच्या मापाने जमत नाहीत.

तिसरा मार्ग यंत्रांचा. आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे फॅब लॅब उभी राहिली; एमआयटीबाहेरच्या अशा पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. लेझर कटर, सीएनसी राऊटर अशा यंत्रांवर पेटीचे भाग नेमक्या मापाने निघतात. आक्षेप असा की लेझरने प्लायची कड करपते आणि पॉलिशआधी ती घासावीच लागते. जाड सागाला लेझर फारसा उपयोगी नाही. मापांचा मधला तक्ता यंत्राने आणि दर्शनी लाकूड हाताने, अशी विभागणी अनेकांना पटते.

शिल्लक राहिलेले प्रश्न

सगळ्या चर्चेतून एक गोष्ट बऱ्यापैकी स्थिर झाली आहे : उष्णता हा लाकडाविरुद्धचा निर्णायक मुद्दा नाही. अर्थिंग आणि रेडिओ-गोंगाट यांसाठी धातूचा काही ना काही भाग लागतो, हेही आता पूर्ण लाकडी पेटीच्या समर्थकांपैकी बरेच जण मान्य करतात. पुढचे प्रश्न मात्र खुले आहेत.

पहिला प्रश्न मोजमापाचा. घरी चिकटवलेले अस्तर प्रत्यक्षात किती डेसिबल गोंगाट अडवते? हे वादाने ठरणार नाही. एकच संगणक उघडा, नुसत्या लाकडात आणि अस्तरासह अशा तीन अवस्थांत मोजला तर उत्तर मिळेल. स्पेक्ट्रम ॲनालायझर हाताशी असेल तर हे काम थोड्या वेळात होते. आंबेगाव तालुक्यातच अवसरी खुर्द येथे २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात विद्यार्थी आपले प्रकल्प मांडतात. या विषयाला याहून योग्य जागा नाही.

दुसरा प्रश्न वाफेचा. काही लाकडांतून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते आणि संग्रहालयांत लाकडी कपाटांतल्या शिशाच्या वस्तू तिने गंजतात, हे जतनतज्ज्ञांना माहीत आहे. पंख्याने सतत हवा बदलणाऱ्या पेटीत हा परिणाम किती उरतो, आणि सोल्डर व तांब्याच्या संपर्कांवर दहा वर्षांत काय होते, यावर अंदाज पुष्कळ आहेत आणि निरीक्षणे थोडी.

तिसरा, दिल्हेदार रचना आणि पत्र्याचा सांगाडा यांपैकी घाटमाथ्याच्या पावसात कोणती अधिक टिकते? त्यासाठी एकच आराखडा आहुप्याला आणि आण्याला वर्षभर चालवून फळीचा बाक मोजावा लागेल.

चौथा, पेटीच्या आयुष्याचा. लाकडी पेटीचे समर्थक म्हणतात की बोर्ड बदलत राहतील, पेटी मात्र पिढीभर टिकेल. विरोधी बाजू दाखवते की एटीएक्सची मापे तीच राहिली तरी ग्राफिक्स कार्डे तीस सेंटिमीटरच्या पुढे गेली आहेत आणि वीस वर्षांपूर्वीच्या पेटीत ती मावत नाहीत. आतला सांगाडा सुटा ठेवला तर हा वाद बराच निवळतो. मग बदलायचा तो सांगाडा, लाकूड नव्हे.

मोजमापे हाती येईपर्यंत घरी पेटी करणाऱ्याने कोणताही पक्ष घेतला तरी चालेल. पण आतला पत्रा आणि त्याची अर्थिंगची वायर वगळू नये. नाणेघाटाकडच्या गावात यासोबत पॉलिशसाठी दिवाळीपर्यंत वाट पाहावी, आणि खोडदच्या आसपास राहणाऱ्याने पत्र्याचे सांधे सेंटिमीटर-सेंटिमीटरवर टेकतात की नाही ते तपासावे.